कीर्तनकाराचा मुलगा बी.ए.च्या वर्गात : एक प्रकरण अभ्यास

सोलापुरातल्या एका कला महाविद्यालयात मी मराठी शिकवते. गेली काही वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांचं मेंटॉरचं कामही माझ्याकडे आहे. हे काम बहुतेक वेळा नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलीपुरतं असतं. मुलांची यादी, वर्षातून दोन बैठका, सह्या, झालं. पण एखादं मूल त्या फाइलीत मावत नाही. हे टिपण तशाच एका मुलाचं आहे. त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वर्गातली पोरं त्याला ‘माऊली’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

थोडक्यात सांगायचं तर पाचवीनंतर तो शाळेत गेला नाही. घरीच शिकला. दहावी आणि बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दिली आणि जून २०२४ मध्ये बी.ए.ला आला. घर कडक वारकरी. कॉलेजात त्याचं जे काही अडलं, त्याचा दोष सगळ्यांनी आधी त्याच्या गळ्यातल्या माळेवर आणि कपाळावरच्या गोपीचंदनावर टाकला. माझ्या मते अडचण तिथे नव्हतीच.

घर आणि घरची शाळा

वडील कीर्तनकार. मूळ गाव मोहोळ तालुक्यात, थोडी कोरडवाहू जमीन, राहायला बाळ्यात. सप्त्यांच्या हंगामात महिन्यातले बरेच दिवस ते बाहेरगावी असतात. बिदागीवर घर चालतं आणि बऱ्यापैकी चालतं.

शाळा का सोडवली, याचं उत्तर ज्याला विचाराल त्याप्रमाणे बदलतं. वडील म्हणतात, पाठांतराचं वय एकदाच येतं, ते शाळेच्या गडबडीत वाया घालवायचं नव्हतं. आई म्हणते, वर्गातल्या पोरांनी मोबाइलवर नको ते दाखवलं, त्यावरून घरात मोठं भांडण झालं. माऊली हसत म्हणतो, “बाबांना मागं उभं राहायला टाळकरी पाहिजे होता.” तिन्ही उत्तरं खरी असावीत.

दिवस ठरलेला होता. पहाटे चारला उठणं, स्नान, हरिपाठ. मग नऊपर्यंत पाठांतर, वडील घरी असले तर त्यांच्यासमोर, नसले तर आजोबांसमोर. दुपारी पखवाज. संध्याकाळी कुठे कीर्तन असलं तर वडिलांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं. घरात टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही, संतवाङ्मयाबाहेरचं पुस्तक नाही. सोळाव्या वर्षी या मुलाला हरिपाठ, विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचे दोन अध्याय आणि गाथ्यातले शेकडो अभंग तोंडपाठ होते. बाकी शाळेचं जे काही झालं ते आईमुळे. ती स्वतः बारावी शिकलेली. दुपारची भांडी आटपली की बालभारतीची पुस्तकं काढून गणित, मराठी आणि जमेल तेवढं इंग्रजी घ्यायची. सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशीही तिनेच केली, वडील सप्त्याला गेलेले असताना.

वारकरी घर म्हणजे असंच असतं, असं मात्र कोणी समजू नये. आमच्या स्टाफमध्येच दोन माळकरी आहेत, त्यांची मुलं चारचौघांसारखी शाळेत गेली. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आज आळंदीत राहून कीर्तन-पखवाज शिकणारी कितीतरी मुलं तिथल्या शाळेतही जातात. इथली कडक शिस्त एका बापाची होती, ती संप्रदायाच्या नावावर खपवणं बरोबर नाही.

कायद्याचं विचाराल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्याच्या दहाव्या कलमात लिहिलेलं आहे. कर्तव्य चुकवणाऱ्या पालकाला दंड मात्र कायद्यात नाही. घरशाळेबद्दल हो किंवा नाही, काहीच स्पष्ट लिहिलेलं नाही. शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला शिक्षक दारात आले तेव्हा आजीने “गावी शिकतोय” म्हणून सांगितलं आणि विषय संपला. पुण्या-मुंबईकडे होमस्कूलिंग करणारी घरं बऱ्याचदा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे, एनआयओएसकडे जातात. तिथली नोंदणी पाच वर्षं चालते, विषय एकेक करून सोडवता येतात. माऊलीच्या आईला ते ठाऊक नव्हतं. सोलापुरात कुणालाही विचारलं तरी सतरा नंबरच सांगतात. कला शाखेला प्रयोगशाळेची भानगड नाही, म्हणून बारावीला कला.

वर्ग भरला तेव्हा तो वाटेवर होता

प्रवेशाची पहिली अडचण आली ती अगदी आजच्या काळाची. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता प्रत्येक विद्यार्थ्याचं श्रेयांक (क्रेडिट) बँकेत खातं लागतं, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आधारला वडिलांचा नंबर. वडील परभणीकडे कीर्तनात उभे आणि इथे खिडकीवर क्लार्क दहा मिनिटांत संपणाऱ्या ओटीपीची वाट बघतोय. हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी आईने वडिलांच्या एका टाळकऱ्याला फोन लावून, महाराजांच्या झोळीतला मोबाइल काढायला लावून काम केलं. माऊलीकडे स्वतःचा फोन नव्हता. कॉलेजात सगळ्या सूचना व्हॉट्सअॅपवर येतात, हे त्याला ऑगस्टमध्ये कळलं.

आषाढी त्या वर्षी १७ जुलैला होती. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी २९ जूनला आळंदीहून निघाली, त्यात वडिलांची दिंडी आणि दिंडीत हा. पौर्णिमेचा काला करून तो कॉलेजात आला तोवर ओळखी झाल्या होत्या, बाक ठरले होते, दोन असाइनमेंट देऊन झाल्या होत्या. त्याने अर्ज केला नव्हता. अर्ज करावा लागतो हे त्याला सुचलंच नव्हतं. त्याच्या जगात वारीला जाण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि बाकी प्रत्येक गोष्टीला लागते.

त्याच दिवसांत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून जात होती आणि आमची एनएसएसची मुलं रस्त्यावर पाणी वाटत उभी होती. सोलापूर हे असं गाव आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की आमचे वर्ग अर्धे ओस पडतात. इथे कुणी धार्मिक असण्याचं नवल वाटत नाही, उलट कौतुक होतं. त्यामुळेच माऊलीचं काय बिघडतंय, हे बरेच दिवस कुणाला दिसलं नाही.

तो पहिल्या बाकावर बसायचा. शिक्षक आत आले की उभा, सांगेपर्यंत उभाच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पाया पडला. स्टाफरूममध्ये “संस्कार बघा” सुरू झालं. लवकरच कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचं ईशस्तवन त्याच्याकडे आलं, मग पखवाज, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांना नारळ देणं. तो प्रत्येक वेळी “हो” म्हणायचा. तास बुडायचे. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, कारण तास बुडवून तो कॉलेजचंच काम करत होता.

एकदा तो मोकळ्या तासाला जिन्यात बसलेला दिसला. हात मांडीवर, नजर समोर.

“इथं काय करायलास?”

“पुढच्या तासाची वाट बघतोय, मॅडम.”

“लायब्ररीत जाऊन बस की.”

“कुणी सांगितलं नव्हतं.”

चौकशी केली तर दीड महिना तो रोज तो एक तास जिन्यात बसत होता. लायब्ररी समोर होती, ओळखपत्र खिशात होतं.

एक उत्तरपत्रिका

ऑगस्टअखेरच्या अंतर्गत चाचणीने ही गोष्ट कागदावर आणली. वीस गुण, एक तास, पाचपैकी चार टिपा लिहायच्या. माऊलीने एकच लिहिली, एकनाथांच्या भारुडांवरची, साडेचार पानं.

ती पानं मी अजून ठेवली आहेत. वर ‘॥ श्री ॥’. खाली थेट चरण, ‘विंचू चावला वृश्चिक चावला । कामक्रोध विंचू चावला’. मग त्या चरणाचं निरूपण, त्याला गाथ्यातलं प्रमाण, त्या प्रमाणाला ज्ञानेश्वरीतलं प्रमाण, मग दुसरा चरण. परिच्छेद नाहीत. पूर्णविरामाच्या जागी सगळीकडे उभा दंड. सगळी प्रमाणं बरोबर, एकाही ओवीत अक्षराची चूक नाही. प्रश्नात विचारलेली वैशिष्ट्यं मात्र कुठेच नाहीत. भारुडात सोंग असतं, लोकभाषा असते, ते रस्त्यावर सादर होतं, यातलं काही नाही. शेवटी, बहुधा घंटा ऐकून, ‘वेळेअभावी येथे विराम’.

त्याने कागदावर कीर्तन केलं होतं. वारकरी कीर्तनात एक अभंग घेतात आणि चरणामागून चरण सोडवत जातात. बोलण्याची तीच एक रीत त्याला येत होती आणि ती उत्तम येत होती. चार प्रश्नांत वेळ वाटून घ्यायची सवय शाळेतल्या मुलांना घटक चाचण्यांनी आपोआप लागते. त्याची ती सगळी वर्षं वेगळीकडे गेली होती. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षांना आईने समोर घड्याळ ठेवून घोकून घेतलेली उत्तरं होती, ती जशीच्या तशी उतरवली की भागायचं.

वेळेकडे लक्ष का दिलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, “बाबा मागून खुणावतात. इथं कुणी खुणावलं नाही.”

गुण मिळाले चार. तो रडला नाही, हुज्जत घातली नाही, पुन्हा पाया पडून गेला. या वयाच्या मुलाने निदान “जास्त द्या की मॅडम” तरी म्हणायला हवं होतं. त्या दिवसापासून मी त्याची वेगळी नोंद ठेवायला लागले.

घरच्या शिस्तीत दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्या कुणीतरी भरलेला होता. कॉलेजची शिस्त याच्या नेमकी उलटी आहे. इथे दिवसभर कुणी काही सांगत नाही आणि सत्राच्या शेवटी एकदम ७५ टक्के हजेरी, जमा केलेल्या असाइनमेंट आणि श्रेयांक मागितले जातात. माऊली आळशी नव्हता आणि बुद्धीने कमी नव्हता. त्याने आयुष्यात स्वतःहून काही निवडलेलं नव्हतं, आणि मोठ्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजने या गोष्टीला संस्कार म्हटलं आणि ती वाढवली.

काय केलं

पहिलं काम म्हणजे कार्यक्रमांतून त्याला बाहेर काढणं. यावरून सांस्कृतिक विभागाशी माझं वाजलं. फुकटचा पखवाजवादक कोण सोडतो?

दुसरं, मी त्याला म्हटलं, उद्या मी तासाच्या वेळेला एक काम सांगेन, ते तू नाकारायचंस. दुसऱ्या दिवशी मी हजेरीपटांचा गठ्ठा दिला आणि दुसऱ्या इमारतीत पोचवायला सांगितला. तो पोचवून आला, दारात थांबला आणि म्हणाला, “हे नाकारायचं होतं ना? राहिलं.” पुढच्या वेळीही तसंच. दिवाळीच्या सुट्टीआधी केव्हातरी त्याने मान खाली घालून “मॅडम, आत्ता इंग्रजीचा तास आहे” एवढं म्हटलं आणि घामाघूम होऊन निघून गेला.

तिसरं, खिशात मावेल अशी डायरी. रोज रात्री तीन ओळी : आज कुणी काय मागितलं, कधीपर्यंत द्यायचंय, मी स्वतः काय ठरवलं. तिसरी ओळ महिनाभर कोरी असायची. मग एक दिवस ‘शेंगाचटणी घेतली, दहा रुपये’ अशी नोंद आली. सोलापुरात राहून त्याने शेंगाचटणी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा विकत घेतली होती, बिनलसणाची शोधून.

खरं शिक्षण बाकावरच्या शेजाऱ्याने दिलं. तो पूर्व भागातला, घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. तोंडात सारखं “काय बे”. त्याने माऊलीला वहीच्या समासात मुद्दे लिहायला शिकवलं, झेरॉक्सच्या दुकानातली उधारी शिकवली आणि प्राध्यापक उशिरा आले तर किती वेळ थांबायचं, हेही. बदल्यात मराठीच्या पेपराआधी त्याने माऊलीकडून अभंगांचे अर्थ करून घेतले. मुलींशी बोलण्याचा प्रश्न असाच वाटेत सुटला. गटकार्यात एक मुलगी होती, तिला हा बाकाकडे बघत “ताई” म्हणायचा. ती एकदा वैतागून म्हणाली, “ताई नको म्हणूस बे, तुझ्यापेक्षा लहान आहे मी.” तेव्हापासून नावाने बोलतो. बाकाकडेच बघून, पण नावाने.

पाठभेद

सगळ्यात अवघड प्रसंग दुसऱ्या सत्रात आला. माझे एक सहकारी मध्ययुगीन वाङ्मय शिकवतात. ज्ञानेश्वरीबद्दल बोलताना त्यांनी सहज सांगितलं, की आज आपण वाचतो तो पाठ एकनाथांनी अनेक पोथ्या पाहून ठरवलेला आहे, १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली आणि दोहोंत कितीतरी ठिकाणी शब्द वेगळे आहेत. पुढे त्यांनी रेड्यामुखी वेद आणि चालवलेली भिंत यांचा उल्लेख ‘आख्यायिका’ म्हणून केला. वर्गाने ते नेहमीसारखं अर्धवट ऐकलं. माऊली दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

शेजाऱ्याला घरी पाठवलं. निरोप आला, पोट दुखतंय. मग आईचा फोन आला : झोपत नाही, रात्री उठून पोथीसमोर बसतो, वडिलांना काही सांगत नाही. हे नुसतं मेंटॉरने सांभाळावं असं मला वाटलं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आईला दिला. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. शिवाय आमच्या समुपदेशकांशी भेट ठरवली. झोपेचं त्यांनी पाहिलं. ओव्यांचं माझ्याकडे आलं.

तो आला आणि पहिला प्रश्न त्यानेच विचारला. “मॅडम, ऐकल्याचं पाप लागतं का?”

याचं उत्तर द्यायचा मला अधिकार नाही, असं मी सांगितलं. मग त्याला ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या नाथांच्या ओव्या म्हणायला लावल्या. त्या त्याला अर्थातच पाठ होत्या. चाल धरून म्हणू लागला, “शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं…” पुढची ओवी आली, “ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध । तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥”

“अर्थ सांग.”

तो कीर्तनात सांगतात तसा सांगायला लागला आणि दुसऱ्या चरणावर अडला. शके १५०६ म्हणजे १५८४. नाथ स्वतःच सांगताहेत, की ग्रंथ मुळात शुद्ध, पण पाठ बदलत गेले होते, मी ते शोधून ही प्रत तयार केली. प्रत्येक पारायणाच्या शेवटी हा मुलगा हे म्हणत आला होता.

“म्हणजे नाथ महाराजांसमोरही वेगवेगळ्या पोथ्या होत्या?”

“तुला काय वाटतं?”

त्याने उत्तर दिलं नाही. मी लायब्ररीतून राजवाडे प्रत आणि साखरे महाराजांची सार्थ ज्ञानेश्वरी काढून दिली आणि पहिल्या अध्यायातल्या काही ओव्या शेजारी-शेजारी लिहून आणायला सांगितल्या. दोन दिवसांनी पूर्ण अध्यायाचा तक्ता आला, फरक लाल शाईने. त्यातल्या दोन-तीन जागा मला स्वतःला ठाऊक नव्हत्या. आमच्या वर्गात हे काम इतक्या चोखपणे दुसरं कुणी केलं नसतं, कारण इतकी ओवी कानात बसलेली दुसऱ्या कुणाची नाही. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी हा तक्ता बघावा.

भिंतीचा प्रश्न असा सुटला नाही. तिथे नाथांची ओवी मदतीला येत नाही. ‘आख्यायिका’ असं लिहिणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर तो पुन्हा पुन्हा यायचा. मी त्याला एवढंच सांगितलं, की परीक्षेत तू काय मानतोस ते विचारत नाहीत, अभ्यासक काय म्हणतात ते विचारतात. त्याने विचार केला. “मग ‘अभ्यासकांच्या मते’ असं लिहू?” लिही म्हटलं, तीच रीत आहे. तेव्हापासून त्याच्या उत्तरपत्रिकेत दर तिसऱ्या वाक्याला ‘अभ्यासकांच्या मते’ येतं. सहकारी वैतागतात. मी त्यांना म्हणते, चालू द्या, त्या दोन शब्दांवर त्याचं कॉलेज टिकलंय.

वडील आले

मे महिन्यात गावच्या सप्त्यात माऊलीला पहिलं प्रवचन मिळालं. त्यात त्याने हीच ओवी घेतली आणि पाठभेदाबद्दल बोलला. गावातल्या एका जुन्या माळकऱ्याने उठून वडिलांकडे तक्रार केली. जूनमध्ये कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात महाराज माझ्यासमोर येऊन बसले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आवाज अगदी शांत.

“हे तुम्ही शिकवलं?”

“ओवी घरचीच आहे, महाराज.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अर्थ चूक नाही. जागा चुकली.”

मला हा माणूस त्या क्षणी आवडला. त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं होतं. सप्त्यात बसलेला शेतकरी दिवसभराचं काम टाकून ऐकायला येतो, त्याच्यासमोर पोथ्यांची भांडणं मांडायची नसतात, असं ते म्हणाले. शाळा सोडवल्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांचं उत्तर मला पटलं नाही. “शाळेत गेला असता तर त्याला ही ओवी पाठ असती का?” नसती. पण ती समजायला त्याला वर्गात येऊन आजारी पडावं लागलं, हेही खरं आहे. मी ते तसंच बोलले. त्यांनी वाद घातला नाही.

फोनचा विषय त्यांनीच काढला. कीर्तनात ओटीपी येतात, झोळी वाजते, लोक हसतात, त्याला त्याचा फोन घेऊन द्यावा म्हणतो. अट एकच, रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. मी मान हलवली. या अटीला विरोध करणारा पालक मला अजून भेटलेला नाही.

आजची स्थिती

पहिल्या वर्षाचा निकाल बरा लागला. इंग्रजीत एटीकेटी आहे आणि ती सुटायला वेळ लागेल. पाचवीच्या पुढचं इंग्रजी त्याने खऱ्या अर्थाने कधी शिकलेलंच नाही, बारावीला पाठ करून पास झालाय. पूर्व भागातला मित्र त्याला शिकवतो आणि त्या मित्राचं इंग्रजीही बेताचंच आहे. इथे एका चांगल्या पूरक वर्गाची गरज आहे. आमच्याकडे तो नाही. सतरा नंबरवरून येणारी मुलं दरवर्षी असतात, बरीचशी कामावर जाणारी किंवा लग्न झालेल्या मुली, आणि सगळ्यांचं घोडं इंग्रजीतच अडतं. प्रवेशाच्या खिडकीवरच ही मुलं वेगळी ओळखून पहिल्या महिन्यात त्यांना वेळापत्रक, अर्ज, लायब्ररी आणि उत्तर लिहिण्याची रीत दाखवली, तर निम्म्या अडचणी उभ्याच राहणार नाहीत, असं मी प्राचार्यांना लिहून दिलं आहे. उत्तराची वाट बघते आहे.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला आली. या खेपेला माऊलीचा अर्ज जूनमध्येच माझ्या टेबलावर होता. पूर्ण वारीसाठी नव्हता, पंढरपूरजवळच्या वाखरीपासून पुढच्या टप्प्यासाठी होता. घरी हे त्याने कसं सांगितलं, ते मी विचारलं नाही. आईने नंतर सांगितलं, दोन दिवस बाप-लेक बोलत नव्हते.

सध्या नवीनच पेच आहे. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी अशी सोय आहे. ही सोय अडचणीतल्या मुलांसाठी केलेली. महाराजांनी ती कुठून तरी ऐकली आणि त्यांच्या मते दोन वर्षं पुरेत, पदविका घ्यावी आणि आळंदीला जावं. आईला पदवी हवी आहे. माऊलीला एम.ए. करून पोथ्यांवर काम करायचंय, निदान फेब्रुवारीत तरी तसं म्हणाला होता. परवा पुन्हा विचारलं तर म्हणाला, “तुम्ही काय म्हणता, मॅडम?”

मी काही म्हटलं नाही. डायरी काढायला सांगितली. तिसरी ओळ कोरी होती. दुसऱ्या वर्षाचे मेंटॉर माझे तेच मध्ययुगीन वाङ्मयवाले सहकारी आहेत. त्यांच्यासाठी फाइलीत लिहून ठेवलं आहे : एप्रिलआधी या मुलाने निर्णय स्वतः लिहून आणायचा आहे, काय करू असं त्याने कितीही वेळा विचारलं तरी सांगू नये, आणि कार्यक्रमांना पखवाज मागायला कुणी आलं तर आधी त्याचं वेळापत्रक बघावं.